आमच्या वाटणीचा रस्ता

आजोबांच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा विहिरीकडचं काळं रान दोन्ही मोठ्या चुलत्यांकडे गेलं आणि ओढ्याकाठचा माळ आमच्या वाट्याला आला. धाकटा आहे, ऐकून घेईल, असं धरलेलं असणार. बाबा ऐकून घेणारेच. त्या माळाच्या मधोमध, उगवतीकडून मावळतीकडे, दगडांचा एक पट्टा गेलेला होता. बैलगाडी आरामात जाईल एवढा रुंद. वर टीचभर माती आणि खाली दगडाला दगड भिडलेला. दोन्ही कडांना उभ्या दगडांची रांग, काही जमिनीत रुतलेले, काही कललेले. नांगराचा फाळ तिथं लागला की वाकलाच. बाजरी बाजूला बरी यायची आणि पट्ट्यावर वीतभर वाढून पिवळी पडायची. बाबा दरवर्षी पेरताना म्हणायचे, यंदा येईल. आई म्हणायची, दगडाला पान्हा फुटत नसतो.

तेवढ्या बाजरीवर चार माणसांचं भागत नव्हतं. आई लोकांच्या कांद्यात जायची. लावणीला, खुरपायला, काढायला, मग वखारीत निवडायला. तिच्या हाताचा कांद्याचा वास रविवारी चर्चमध्येसुद्धा जायचा नाही आणि ती पुढच्या बाकावर बसायची नाही, ते त्यामुळेच. बाबा सुप्याच्या एमआयडीसीत कंत्राटदाराच्या हाताखाली वॉचमन. कंत्राटदार बदलला की बाबांची नोकरी जायची, मग पुन्हा कुणाच्या तरी हातापाया पडून लागायची. उन्हाळ्यात टँकर येईल त्या दिवशी शाळा बुडवून हंडे लावणं हे माझं काम. घरात डाळ आणि भाजी एकाच दिवशी शिजली की आम्ही विचारायचो, कोण येणार आहे?

त्यातून मी बी.कॉम. झाले. हे मी मुद्दाम लिहिते. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. सुप्यापर्यंत दुधाच्या टेम्पोत, तिथून एसटीनं नगरला, संध्याकाळी तसंच परत. मग सुप्याच्याच एका कंपनीत डिस्पॅच विभागात लागले. घरात पगाराची नोकरी आली, आणि तिच्याबरोबर माझ्यामागे एक वाक्य लागलं: "तू शिकलीस ना?" लाईटबिल जास्त आलं, तू शिकलीस ना. मोबाईल बंद पडला, तू शिकलीस ना. चुलत्याच्या म्हशीचा विमा मिळत नाही, तू शिकलीस ना. मी कॉमर्स शिकले, म्हशी नव्हे, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

पण सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते धाकट्या भावानं. त्याला पाचवीत नगरच्या मिशनच्या वसतिगृहात घातला, कारण तिथं दोन्ही वेळ जेवायला मिळायचं. लोकांची पोरं वसतिगृहातून इंग्रजी शिकून येतात, हा फुटबॉल घेऊन आला. आमच्या पंचक्रोशीत सगळे क्रिकेटवाले. ह्याच्याबरोबर खेळायला माणूस नाही. मग हा एकटाच त्या दगडी पट्ट्यावर. सबंध माळावर सपाट जागा तेवढीच. कडेचे उभे दगड ही त्याची मैदानाची रेघ, मावळतीच्या टोकाला दोन बांबू म्हणजे गोल. दगडावर बॉल कसाही उडायचा, अंगावर यायचा, ओढ्यात जायचा. हा तो पायात घ्यायचा, पुन्हा मारायचा. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. गणितात नापास झाला तेव्हा मी त्याला बसवून व्याज शिकवलं. दोन तास मान हलवत बसला आणि शेवटी विचारलं, "ताई, जाऊ?"

त्याच्या शाळेचे पीटीचे सर एकदा नाताळाच्या सुट्टीत घरी आले आणि त्याला तिथं खेळताना पाहत उभे राहिले. चहा गार झाला. मला म्हणाले, याच्या पायाला बॉल चिकटतो तो का, ते आज कळलं. अशा जमिनीवर जो बॉल थांबवतो त्याला गवतावर काय अवघड आहे. मला त्या वेळी एवढंच दिसलं की आता आणखी एक माणूस ह्याला चढवणार.

आणि सरांनी चढवलाच. शाळेच्या संघातून जिल्ह्याच्या संघात, तिथून पुण्याच्या एका क्लबाच्या मुलांच्या संघात. राहणं-खाणं क्लबाचं. बाबा कंपनीच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, पोरगा पुण्याला क्लबात आहे. क्लब म्हटल्यावर लोकांना पत्ते आठवायचे, मग बाबा समजावत बसायचे. पुढचा हंगाम लागायच्या आधी क्लबानं त्याला सोडून दिला. पाय चांगला आहे, दम कमी पडतो, म्हणाले. पिशवी घेऊन घरी आला आणि बोलेनासा झाला. आधीही फार बोलायचा नाही, पण आता ताटावर बसून भाकरीकडे बघायचा. बाबांनी गुपचूप कंत्राटदाराला विचारून ठेवलं होतं. हेल्परची जागा होती, दिवाळीनंतर लागायचं.

गणपती उठले आणि सरांचा फोन आला. पुण्याचा दुसरा एक क्लब मोठ्या संघासाठी पोरं घेणार होता, ट्रायल दिवाळीनंतर. सर माझ्याशीच बोलले, कारण हा फोनवर फक्त 'हो सर' म्हणतो. त्यांनी स्पष्ट सांगितलं की ही शेवटची संधी समजा. वय पुढं सरकलं की क्लबवाले मागून येणाऱ्या लहान पोरांकडे बघतात, वय झालेल्याकडे बघत नाहीत. दम वाढवायचा आणि पळता पळता डाव्या पायानं क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलपुढं बॉल, मारायची सवय करायची, रोज, खंड न पाडता. निवड झाली तर खेळाडू, नाही तर हेल्पर. बाबांनी कंत्राटदाराकडून दिवाळीपर्यंतचा वेळ मागून घेतला, आणि पोरगं पुन्हा पट्ट्यावर उतरलं. आईनं त्या वर्षी तिथं बाजरी पेरूच दिली नव्हती.

आता ऐका.

गावात नळाच्या पाइपलाइनचं खोदकाम चाललं होतं. काम सरपंचबाईंच्या यजमानांकडे. सरपंच त्या बाई, पण खुर्चीत हे. त्यांचा जेसीबी आमच्या माळाच्या कडेनं चर मारत आला आणि पट्ट्याला अडला. दात लावला तर खालून घडीव दगडांचा थर वर आला. नेमके त्याच दिवशी पुण्याचे एक प्राध्यापक जवळची लेणी बघायला आले होते. चहाच्या टपरीवर कुणीतरी त्यांना सांगितलं आणि ते आले. गुडघे टेकून बसले, ब्रशनं माती झाडली, टेप लावला, फोटो काढले. मग म्हणाले की ही बहुतेक पैठणहून जुन्नरकडे जाणारी जुनी व्यापारी वाट असावी, सातवाहनांच्या काळातली. इथून माल नाणेघाटानं खाली बंदरावर उतरायचा आणि तिथून गलबतांनी पार रोमपर्यंत जायचा. त्यांनी 'बहुतेक' म्हटलं, 'असावी' म्हटलं, 'तपासावं लागेल' म्हटलं. गावानं फक्त रोम ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून आमचा माळ म्हणजे रोमन रस्ता. पेपरात आलं. सुप्यापर्यंतची पोरं मोटारसायकलींवर येऊन फोटो काढायला लागली. ज्या चुलत्यांनी वाटणीत तो आमच्या गळ्यात मारला तेच पाहुण्यांना दाखवायला आणू लागले. आम्ही प्रोटेस्टंट, पण नगरची माझी मावशी कॅथलिक घरात दिलेली. तिचा फोन आला की रोमचा रस्ता तुमच्यात सापडून काय उपयोग, तो आमच्याकडं निघायला पाहिजे होता. आणि बाबा. इतकी वर्षं ज्या दगडांना शिव्या दिल्या त्यांच्याकडे बघून ते म्हणाले, "म्हणूनच बाजरी येत नव्हती. रस्त्यावर कधी पीक येतं व्हय?"

प्राध्यापक जाताना सांगून गेले होते की पुरातत्त्वाचे अधिकारी घेऊन येतो, तोवर दगड हलवू नका, गुरं घालू नका. झालं. सरपंचबाईंच्या यजमानांनी तेवढं धरलं आणि पट्ट्याला चारी बाजूंनी काटेरी तार ठोकली. जमीन आमची, विचारलं नाही कुणी. वर बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास आणून टाकले. भावाचे बांबू उपटून बाजूला टाकलेले होते.

मी त्यांच्याकडे गेले. भावाची ट्रायल आहे, तो एका बाजूला खेळेल, दगडाला धक्का लागणार नाही, दिवाळीनंतर पाहिजे तर आणखी तार ठोका, असं नीट सांगितलं. ते पान खात ऐकत होते.

"ताई, रस्ता दोन हजार वर्सांचा हाय. तुजा भाऊ किती वर्सांचा?"

"म्हणून काय त्यानं दोन हजार वर्षं थांबायचं?"

"तू शिकलेली हायस, तुला कळाया पायजे. उद्या इथं पर्यटन हुईल. हॉटेलं हुतील. आन् तू फुटबॉल फुटबॉल करती."

तहसीलला गेले. तिथं म्हणाले हे आमच्याकडे येत नाही, ग्रामपंचायतीला विचारा. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक म्हणाले तार यजमानांनी लावली, पंचायतीनं नाही. म्हणजे तार कुणाचीच नव्हती आणि काढायची मात्र कुणाला परवानगी नव्हती. प्राध्यापकांना फोन केला. माणूस भला. म्हणाले, मी तार लावा असं म्हटलंच नव्हतं, पण आता आम्ही येतोच आहोत. एकदा मोजणी आणि नोंद झाली की किती भाग राखायचा ते ठरेल, बाकीचं तुमचं तुम्हाला मोकळं. कधी येणार? लवकरच. मला सरकारी 'लवकरच' माहीत आहे. डिस्पॅचमध्ये आम्हीही तेच म्हणतो.

इकडे भाऊ डांबरी सडकेवर पळायला लागला. पहाटे पळायचा तर मागून वाळूचे डंपर. बॉल मारायला शाळेच्या भिंतीमागे गेला तर हेडमास्तरांनी हाकलला, खिडकी फुटेल म्हणून. वाळक्या ओढ्यात खेळून पाहिलं, घोटा मुरगळला. आई हळद लावत होती आणि हा बॉल मांडीवर घेऊन बसलेला. मी त्याला म्हटलं, अरे तू एकदा तरी जाऊन बोल, भांड, तुझा प्रश्न आहे. तो म्हणाला, "तू बोलतीयस की, ताई." माझं रक्त आटतं ते असं.

शेवटी प्राध्यापकांचा निरोप आला: सोमवारी येतो, बरोबर पुरातत्त्वाचे दोन साहेब असतील. मला वाटलं, चला, सोमवारी मोजणी, मंगळवारी तार निघेल, हातात थोडे तरी दिवस राहतील. हा निरोप मी घरी सांगितला, आणि रविवारीही कंपनीत शिफ्ट होती म्हणून कामाला गेले.

संध्याकाळी टेम्पोतून उतरले तर ओढ्याच्या वळणावरूनच माळ चमकताना दिसला. मला आधी कळेना काय ते. जवळ गेले. पट्ट्यावरची सगळी माती फावड्यानं ओढून काढलेली होती. कडेचे जे दगड कललेले ते पहारीनं उचलून सरळ केलेले, जे ओळ सोडून होते ते दोरी धरून ओळीत आणलेले. फटींमध्ये नवा मुरूम भरून धुम्मसनं ठोकलेला. आणि सगळ्या दगडांना, एकूण एक, पांढरा चुना. उभ्या दगडांना खाली गेरूचा पट्टा. सडकेच्या कडेच्या झाडांना मंत्री येणार म्हटल्यावर मारतात तसा.

साहेब येणार, आणि जागा अशीच? आमच्याकडे कलेक्टर आला तरी चुना, बिशप आले तरी चुना, शाळा तपासणीला साहेब आला तरी चुना. बाबांनी चर्च सुटल्यावर सगळ्या मंडळींना हाक दिली होती, यजमानांनी साहेबांसाठी म्हणून तारेची एक बाजू सोडून दिली होती, चर्चच्या नाताळासाठी ठेवलेली चुन्याची पोती उघडली होती, आणि सगळ्यांनी जेवण विसरून श्रमदान केलं होतं. चुलत वहिन्यांनी सडा टाकून रांगोळी काढायचं ठरवलं होतं, ती सकाळी काढणार होत्या. बाबांच्या भुवयांवरही चुना होता.

"आता बघ," ते म्हणाले. "आता रस्त्यावानी दिसतो."

मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एवढंच सांगते, की प्राध्यापकांनी दगड हलवू नका म्हटलं होतं ना, असं मी विचारल्यावर बाबा मनापासून म्हणाले, "हलवले कुठं? नीट केले."

सोमवारी गाडी आली. प्राध्यापक उतरले, चार पावलं चालले आणि थांबले. बरोबरचे साहेब एकमेकांकडे बघायला लागले. सरपंचबाईंचे यजमान हार घेऊन पुढं आले, प्राध्यापकांनी हार घेतला आणि हातातच धरून ठेवला. बाबा पुढं होऊन दाखवत होते, हा दगड कललेला होता, हा तिकडं होता, इथं खड्डा होता तो भरला. प्राध्यापक सगळं ऐकत होते. मग ते एका उभ्या दगडावर टेकले आणि पँटला मागून चुना लागला.

"कुणी केलं हे?" त्यांनी हळू विचारलं.

"सगळ्यांनी, साहेब," बाबा म्हणाले. "फुकट."

साहेबांपैकी एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं की दगड मुळात कसे होते, कुठल्या मातीत होते, यावरूनच तर रस्त्याचं वय कळतं. इथं आता कळण्यासारखं काही उरलं नाही. मला तोंड लपवावंसं वाटलं. प्राध्यापक मात्र बाबांवर चिडले नाहीत. त्यांनी नकाशा काढला, मावळतीच्या दिशेनं हात केला आणि विचारलं की ओढ्यापलीकडे हाच पट्टा पुढं जातो का, तिथं कुणी हात लावला नाही ना?

ओढ्यापलीकडे यजमानांची डाळिंबाची बाग. पट्टा तिच्या मधून जातो हे सगळ्या गावाला माहीत होतं. कुणी बोलेना. यजमान हाताला लागलेली हाराची फुलं झटकत होते.

आई कधी चार माणसांत बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"जातो की. डाळिंबाच्या बुडातनं सरळ जातो. तिथं चुना न्हाई मारलेला."

यजमान म्हणाले, "अहो वैनी, माजी बाग हाय तिथं, झाडं बहाराला आलीत."

"दोन हजार वर्सांचा रस्ता हाय, भाऊजी," आई म्हणाली. "तुमची झाडं किती वर्सांची?"

साहेब लोक ओढा उतरून पलीकडे गेले, मागोमाग यजमान, मागोमाग गाव. आमच्या माळावर आम्ही चौघंच राहिलो. मी प्राध्यापकांना आधीच विचारून घेतलं होतं, इथली तार काढली तर चालेल का. ते म्हणाले होते, आता कशाला हवी. पण त्यांनी तोंडी सांगितलेलं कुणाला पुरलं असतं? पंचायत म्हणाली असती लेखी आणा, तहसील म्हणालं असतं पंचायतीत जा. मी तो विचार करत उभी होते तेवढ्यात आईनं घरातून कोयता आणला, खांबांना ठोकलेली तार सटासट उचकटली आणि बाभळीचे फास ओढून बांधावर टाकले. हाताला काटे लागले ते तिनं दातानं काढले. भावाला म्हणाली, "उभा काय राह्यलास? खेळ."

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. चुना मारला म्हणून रस्ता आपल्याकडून गेला, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. मी त्यांना समजावलं नाही. मला त्यांचा रागच आलेला होता, आणि ट्रायल होईपर्यंत तो गेला नाही. रोज संध्याकाळी मी कामावरून येऊन बॉल आणून द्यायला बसायचे, कारण बाकी कुणी नव्हतं. मावळतीच्या टोकाला बांबू, आणि हा कडेनं पळत येऊन डाव्या पायानं मारायचा. ओढ्यात गेलेला बॉल मी आणायचा. बी.कॉम. होऊन हे करतेय, असं मी मोठ्यानं म्हणायचे. तो ऐकायचा नाही. बॉल बघायचा.

दिवाळीनंतर सर त्याला पुण्याला घेऊन गेले. पहिल्या दिवशी फोन नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी कंपनीत ट्रक भरून घेत होते तेव्हा आला. मी विचारलं काय झालं, तर म्हणतो, "जेवलो." मी म्हटलं, ट्रायलचं काय झालं, मूर्खा. तो म्हणाला, "घेतलं." मी गोडाऊनमध्ये पोत्यावर बसले. पलीकडून सरांनी फोन घेतला आणि नीट सांगितलं.

पहिला हंगाम त्याचा राखीव खेळाडूंच्या बाकावरच गेला. आम्ही मोबाईलवर सामना लावायचो आणि बाबा बाकावर बसलेल्यांत त्याला शोधायचे. गावात लोक विचारायचे, तुमचा पोरगा नुसता बसायला पगार घेतो का. दुसऱ्या हंगामात डावीकडच्या खेळाडूला दुखापत झाली आणि हा आत गेला. त्या दिवशी तो शेवटपर्यंत मैदानावर होता. नंतर त्याला बाहेर काढायची गरज क्लबाला वाटली नाही. बाबांनी वॉचमनचं काम सोडलं, आई आता दुसऱ्याच्या कांद्यात जात नाही. यंदा क्लबानं त्याचा करार वाढवला. माझा भाऊ व्यावसायिक फुटबॉलपटू आहे आणि त्याचं पोट त्याच्या डाव्या पायावर चालतं.